मोजणीला सगळे हजर

मशीन सुरू केलं की अण्णा हात जोडून उभे राहायचे. देवासमोर नव्हे, पडद्यासमोर. त्या काळचे कॉम्प्युटर उठल्या उठल्या आधी स्वतःच्या अंगातली रॅम मोजून दाखवायचे. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात पांढरा आकडा भराभर चढत जायचा, थांबायचा आणि एक बीप वाजायचा. तो वाजला की अण्णा हात सोडत आणि हजेरी घेणाऱ्या मास्तरांच्या थाटात म्हणत, "सगळे हजर!"

हजर असायचेच. रड पुढे सुरू व्हायची.

मी पुण्याची. नव्वदीच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागून बंगळूरला आले. तो उजाडता उजाडता इलेक्ट्रॉनिक सिटीची बस पकडायचा आणि परत यायचा तेव्हा बोलायच्या अवस्थेत नसायचा. इंदिरानगरात अण्णांच्या गच्चीवरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. खाली अण्णा आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आणि जिथे खरं तर मोटार उभी राहायची, तिथे अण्णांचं दुकान. कॉम्प्युटर जोडून देणं, बिघडले की उघडणं, आणि एका कोपऱ्यात डीटीपी, म्हणजे लग्नपत्रिका वगैरे टाइप करून छापणं. मला मराठी टायपिंग येतं असा सुगावा लागल्याबरोबर अण्णांनी मला त्या कोपऱ्यात बसवलं. "वर बसून काय करतीस? खाली ये की. जिना उतरला की ऑफिस!" उतरायला तो जिना सोपाच होता. संध्याकाळी चढताना कळायचं.

हे भाऊ-बहीण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड असं काही मुरलं होतं की पहिले काही दिवस मी नुसती मान डोलवायची. नाश्त्याला तिंडी, पुरे म्हणजे साकू, ठीक म्हणजे सरी. एकदा मी नकळत हसले. अण्णांनी ते पाहिलं.

"नाक मुरडू नको, पुणेकरीण. तुमच्या वरणभातावरचं तूप कुणाचं? आमचं. तुप्पा म्हणतात इकडे. तुमची किल्ली आमची, तुमचे अण्णा-अक्का आमचे. आमचं काढून घेतलं तर तुम्ही पुण्यात कोरडा भात खाल आणि कुलपाबाहेर उभे राहाल."

माझ्याशी वाद घालताना अण्णा पक्के कन्नडिगा असत. समोरच्या दुकानदाराशी वाद झाला की लगेच मराठे होत. दोन्ही वेळा मनापासून.

त्यांच्या चष्म्याची एक काडी काळी आणि एक तपकिरी होती. स्कूटर दोन स्कूटरींमधून निघालेली होती, आणि तिला वळण घ्यायला लावताना दोघींची संमती घ्यावी लागायची. जेवायला बसले की हुळी म्हणजे तिथलं आंबट सांबार, श्रीखंड आणि लिंबाचं लोणचं एकत्र कालवून खात. मी समोर असले तर जरा जास्तच मन लावून. टाकून देणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. कुणाशी काहीही बसेना, तर त्यांचं एकच औषध होतं: "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." जरा सांभाळून घ्या. हे ते गिऱ्हाइकाला म्हणत, भांडणाऱ्या भाडेकरूंना म्हणत, आणि स्क्रू बसत नसला तर स्क्रूलाही म्हणत. एवढी सगळी जोडाजोड करणारा माणूस स्वतः मात्र बिनलग्नाचा राहिला होता. त्यावर कुणी छेडलं तर म्हणत, "एकाच घरात किती कंपन्यांचे पार्ट घालायचे?"

त्यांचा जीव सगळ्यात जास्त होता तो रॅमच्या पट्ट्यांवर. मशीन काम करत असताना जे काही डोक्यात धरून ठेवतं, ते या पट्ट्यांत. त्या जोडीनं बसवायच्या असतात आणि जोडीतल्या दोघी एकाच जातीच्या, एकाच चालीच्या लागतात. एक झपझप आणि एक रेंगाळणारी, अशा बसवल्या की मशीन त्यांना मोजतं, मान्यही करतं. पण काम वाढलं की एकीचं बोलणं दुसरीला पोचत नाही. हे सुट्या भागांच्या बाजारातला माणूस सांगायचा, बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं असायचं, आणि रोज एकदा मीही सांगायची. अण्णांकडे म्हैसूरपाकाचा एक खोका होता. मेलेल्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्या ते त्यात ठेवत आणि नव्या गिऱ्हाइकाचं मशीन जोडताना त्यातून हाताला येतील त्या उचलत.

"अण्णा, या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत."

"मग? आपली भाषा बघ. अर्धी मराठी, अर्धी कन्नड. इतक्या पिढ्या चाललीय. कधी हँग झाली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणूनच मला त्याचा इतका राग यायचा.

मशीन मात्र हँग व्हायचं. पत्रिकेतलं मुहूर्ताचं वाक्य अर्धं झालं की पडदा थिजायचा. बाण हलेना, कळ चालेना. अण्णा झाकण उघडत, पट्ट्या काढत, शाळकरी खोडरबरानं त्यांची सोनेरी किनार घासत, फुंकर मारत आणि जागा बदलून परत बसवत. "जागा बदलली की स्वभाव बदलतो." मग पुन्हा हात जोडून मोजणी, पुन्हा सगळे हजर, आणि मी पुन्हा मुहूर्तापासून सुरू. प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची सवय माझ्या बोटांना तिथे लागली ती अजून गेलेली नाही. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला अक्कांची कॉफी मिळायची. ती कॉफी पिऊन कुणाला ओरडता आलेलं मी पाहिलं नाही.

अक्का निवृत्त शिक्षिका होत्या. आई लवकर गेली तेव्हा अण्णा रांगत होते. त्यांना वाढवलं अक्कांनी. अंगानं काटकुळ्या, आवाज खणखणीत, आणि डोकं असं की कधीकाळच्या वर्गातली मुलं कोण कुठल्या बाकावर बसायची ते सांगत. घराच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्या दुपारच्या वामकुक्षीनंतर दुकानात येऊन माझ्याजवळ वेताच्या खुर्चीवर बसायला लागल्या, कारण त्यांना आपल्या घरातले शब्द एकत्र करून ठेवायचे होते.

"आमच्या आईच्या, आजीच्या तोंडातले," त्या म्हणाल्या. "पुण्यात नाहीत, कन्नडातही तसे नाहीत. इथल्या आमच्या घरांमधेच घडलेले. मी गेले की कुणाकडे राहतील? याच्याकडे? हा एका घासात तीन चवी घालतो, याला कुठली कुठून आली कळतं होय?"

अण्णा खूश होऊन हसले. बहिणीचं काम म्हणून त्यांनी खास मशीन जोडलं. खोक्यातल्या त्यातल्या त्यात मोठ्या पट्ट्या निवडून सगळी घरं भरली. चार पट्ट्या, चार कंपन्यांच्या. "अक्कासाठी स्पेशल," म्हणाले. मोजणीचा आकडा इतका वर गेला की त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले.

त्या दुपारी माझ्या तिथल्या आयुष्यातल्या सगळ्यात बऱ्या दुपारी होत्या. अक्का एक शब्द सांगत, मग अर्थ, मग वाक्य. बाडणं, हा मला पहिल्यांदा आवडला. पान, भाजी, माणूस मलूल होणं. "वाळणं नव्हे हं," अक्का म्हणाल्या. "वाळलेलं गेलं. बाडलेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की उठते." मी टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, बाई, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. इतके महिने मी स्वतःला वाळलेली समजत होते.

रोजच्या कामाचा कागद मी छापून देत असे. अक्का तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून आणत. एके दिवशी त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंस?" शब्दातलं एक अक्षर भलतंच होतं. माझी चूक असेल म्हणून मी सुधारलं. दोन दिवसांनी आणखी एक. मग आणखी. साध्या मजकुरात असं झालं असतं तर कुणीही ओळखलं असतं. लग्नपत्रिकेत वराचा घर झाला तर कळतं. पण हे शब्द जगात फक्त अक्कांना माहीत होते. कागदावर जे आलं ते चूक की बरोबर, हे सांगणारं दुसरं माणूस नव्हतं.

आणि अक्का शिक्षिका होत्या. वहीत चूक दिसली की आधी शिकवणाऱ्याचं चुकलं का ते बघायचं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. एकदा त्यांनी कागद ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "हा शब्द मी असाच सांगितला होता का गं?"

"नाही अक्का. मला वाटतं तुम्ही वेगळा—"

"तुला वाटतं. मलाही वाटतंच." त्यांनी कागद घडी करून मांडीवर ठेवला. "आमच्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले."

त्या दिवसापासून त्या बदलल्या. सकाळी अंगणात फेऱ्या मारताना वर्गातल्या मुलांची नावं बाकांच्या ओळीनं म्हणायला लागल्या. एखादं अडलं की पहिल्या बाकापासून पुन्हा. मी जिना उतरत असताना ते ऐकू यायचं आणि मी पायरीवरच थांबायची. मग त्यांनी कॉफी करणं सोडलं. "गॅस चालू राहिला तर? बेडा गं, नकोच ते." आणि एका दुपारी दुकानात येऊन त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"आता हे तुझ्याकडे असू दे. माझ्यावर सोडू नको."

अण्णांच्या एका हातात खोडरबर होतं. त्यांनी जुडग्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते म्हणाले, "वय झालं की होतं. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का."

अक्का "सरी" म्हणाल्या आणि आत गेल्या. अण्णांचा मला त्या क्षणाइतका संताप कधी आला नव्हता. या माणसाला जन्मभर जिनं सांभाळून घेतलं, तिलाच हा सांभाळून घ्या म्हणतो! पण तेव्हा माझ्याकडे रागाशिवाय काही नव्हतं. मलाही वाटायला लागलं होतं की अक्का विसरतायत. मशीन हँग होतं हे ठाऊक होतं, पण मशीन खोटं लिहितं हे डोक्यात आलं नव्हतं. काम फ्लॉपीवर उतरवून ठेवलेलं होतं, तीही उघडून पाहिली. तिच्यातही तीच अक्षरं. तिच्यातही जे जायचं ते याच पट्ट्यांतून जायचं, हे मला फार उशिरा उमगलं.

उमगलं ते तुपामुळे. अक्कांनी संग्रहात तूपही घातलं होतं, अण्णांच्या हट्टापायी. त्या दिवशी छापलेल्या कागदावर तूप होतं तिथे तूष आलं. मी पाहतच राहिले. अक्का काहीही विसरतील, तूप विसरणार नाहीत. आणि मीही काही तूष टाइप करणार नाही. मी एकाही कळीला हात न लावता तीच फाइल बंद केली, उघडली आणि पुन्हा छापली. या खेपेला तूप शाबूत होतं. त्याच्याखालच्या ओळीत बाडणं होतं, त्याचं बाढणं झालं होतं.

दोन्ही कागद मी अण्णांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "मी काही बदललेलं नाही," म्हटलं. "एकच फाइल आहे. अक्का विसरत नाहीयेत. तुमच्या पट्ट्या विसरतायत."

मला वाटलं होतं ते तुपाचा, भाषेचा, काहीतरी विनोद करतील. उत्तर देण्यासाठी मी दातओठ खाऊन उभी होते. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दोन्ही कागदांवरून बोट फिरवत ओळ न्‌ ओळ ताडून पाहिली. मग स्वतः जाऊन तिसऱ्यांदा छापलं आणि तो कागद त्या दोघांशेजारी ठेवला. मशीन बंद केलं. झाकण उघडलं, चारही पट्ट्या काढल्या. घासल्या नाहीत, फुंकर मारली नाही. त्या मुठीत धरून, दुसऱ्या हातात जुडगा घेऊन आत गेले. मी त्यांच्या मागे गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. अण्णांनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली आणि पट्ट्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय रे?"

"तुझ्या मशीनमधल्या. एकीचं एकीशी पटत नाही. शब्द यांनी बदलले. तू बरोबर सांगत होतीस. पहिल्यापासून."

अक्कांनी एक पट्टी उचलून उजेडाला धरली, उलटी करून पाहिली. "म्हणजे डोकं माझं गेलेलं नाही?"

"नाही अक्का," अण्णा म्हणाले. "माझं."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या, आणि अण्णा खाली मान घालून बसले होते. अखेर अक्काच म्हणाल्या, "किल्ल्या आण इकडे." आणि उठून त्यांनी कॉफी टाकली.

दुकानात दर्शनी काचेत एक मशीन होतं, गिऱ्हाइकांना भुलवायला ठेवलेलं, सगळं नवंकोरं, एका जातीचं. अण्णांनी त्याच्यातली जोडी काढली आणि अक्कांच्या मशीनमध्ये बसवली. मोजणीचा आकडा आधीपेक्षा पुष्कळ खाली थांबला. त्या दिवशी त्यांनी हात जोडले नाहीत.

मग आम्ही अ पासून पुन्हा सुरुवात केली. सगळाच मजकूर संशयित होता, म्हणून प्रत्येक शब्द अक्कांना वाचून दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं की पुढे. कंटाळवाणं काम होतं, पण मशीन एकदाही थिजलं नाही. अण्णा आमच्या मागे स्टूल टाकून बसत आणि बोलत नसत. अण्णा गप्प बसू शकतात हे मला माहीतच नव्हतं. तो खोका त्यांनी फेकला नाही, माळ्यावर टाकला. एवढं त्यांच्याकडून पुष्कळ झालं.

आम्ही म पर्यंत पोचलो. मग अक्कांना ताप आला, तो छातीत उतरला. शेवटपर्यंत शब्द जागेवर होते. इस्पितळात सलाईन लावणाऱ्या नर्सला त्यांनी बजावलं, "बेगा कर, पण दुखवू नको," आणि ती मल्याळी मुलगी हसली. बेगा म्हणजे लवकर, तेवढं तिला कळलं होतं. त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत. तपासायचे राहिले ते य पासून ह पर्यंतचे शब्द.

ते कागद माझ्याकडे आहेत. अण्णांनीच एक प्रत दिली. म पर्यंतचं सगळं अक्कांचं आहे. पुढचं त्यांचं किती आणि पट्ट्यांचं किती, हे कुणाला सांगता येणार नाही. स मध्ये एक शब्द आहे: सोंदळणं. अर्थ दिलाय, खूप माणसं येऊन गेल्यावर घराला किंवा माणसाला जो शीण राहतो तो. वाक्य दिलंय, "लग्न झालं, मांडव उतरला, घर सोंदळलं." अर्थ अक्कांचाच, शंका नाही. शब्द? मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्या दुपारी त्या काय म्हणाल्या होत्या ते कानात येत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी संध्याकाळी जिना चढता चढता थांबले. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले होते. शटर अर्धं खाली होतं. उसन्या आणलेल्या खुर्च्या कुणीतरी रस्त्याकडेला रचून ठेवल्या होत्या. दोन रंगांच्या काड्यांच्या चष्म्यातून ते त्या खुर्च्यांकडे बघत होते.

"अण्णा, जेवलात का? बरे आहात ना?"

"बरा आहे गं," ते म्हणाले. "स्वल्प सोंदळलोय."

हा शब्द त्यांनी लहानपणी अक्कांच्या तोंडून ऐकला होता, की माझ्यासारखाच त्या कागदावर वाचला आणि आपलासा केला, ते मी विचारलं नाही. मी दोन पायऱ्या उतरले आणि त्यांच्याशेजारी बसले.